पारख, भरती आणि न निवडलेले

मनुष्याच्या अंगी एखादा असामान्य गुण असणे ही दैवाची देणगी होय. परंतु तो गुण योग्य वेळी योग्य माणसाच्या दृष्टीस पडणे ही समाजाच्या व्यवस्थेची गोष्ट आहे. रानात उगवलेले चंदनाचे झाड सरपणाच्या मोळीत गेले, तर त्यात चंदनाचा दोष नाही आणि मोळी बांधणाराचाही फारसा नाही. त्याला सरपणच हवे होते. ज्या मुलखात पारखी फिरकत नाही, त्या मुलखात पारखण्याजोगे काही निपजतच नाही, असा समज हळूहळू रूढ होतो. बीड जिल्ह्याविषयी तो पुष्कळ काळ रूढ होता. गेल्या काही वर्षांत तेथील चार तरुणांनी तो खोटा पाडला आहे. अशा प्रसंगी त्यांचे गुणगान करून मोकळे होणे सोपे असते. परंतु तरुणांची निवड कोण करतो, कशासाठी करतो, आणि ज्यांची निवड होत नाही त्यांच्या पदरी काय पडते, हे तीन प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटतात. आणि त्यांच्या अनुरोधाने या जिल्ह्याच्या इतिहासाचे एक पान वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

निवडीचे शास्त्र ज्या देशाने सर्वांत पद्धतशीर बनविले तो देश अमेरिका होय. तेथे कॉलेज हीच खेळाडूंची पेठ असते. कॉलेजांचे प्रशिक्षक गावोगावच्या शाळांतून सामने पाहत हिंडतात. मुलाची उंची, झेप, चपळाई, इतकेच काय पण स्वभावही टिपून ठेवतात. आणि मन भरले म्हणजे शिक्षणाचा सर्व खर्च देऊ करून त्यास आपल्या कॉलेजात आणतात. पुढे व्यावसायिक संघांची पाळी येते. १९३६ साली तेथील फुटबॉलच्या आणि १९४७ साली बास्केटबॉलच्या व्यावसायिक संघांनी ‘ड्राफ्ट’ नावाची पद्धत सुरू केली. मागील हंगामात जो संघ दुबळा ठरला त्यास नव्या खेळाडूंतून आधी निवड करू द्यावी, म्हणजे बलवान अधिक बलवान होऊन खेळाची गोडी नष्ट होणार नाही, असे तिचे मूळ तत्त्व. तत्त्व चांगले, पण मनुष्यस्वभाव त्याहून चतुर! पहिली निवड मिळावी म्हणून संघ मुद्दाम हरू लागतील, या भयाने बास्केटबॉलच्या चालकांस १९८५ पासून चिठ्ठ्या टाकून पहिला क्रम ठरविण्याची युक्ती काढावी लागली.

या पद्धतीत ज्याचे नाव पुकारले गेले त्याचे भाग्य उजळलेच, असे मात्र नाही. १९३६ च्या त्या पहिल्याच निवडीत ज्याचे नाव सर्वप्रथम घेतले गेले, तो शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर व्यावसायिक मैदानावर कधी उतरलाच नाही. अगदी आपल्या देशातील उदाहरण पाहावयाचे तर पंजाबातील बल्लो के या खेड्याच्या सतनामसिंग भामरा याचे पाहावे. शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेत फ्लॉरिडातील एका क्रीडाशाळेत गेला, आणि २०१५ साली डॅलसच्या संघाने त्याची ५२ व्या क्रमांकावर निवड केली. भारतात जन्मलेल्या खेळाडूस असा मान प्रथमच मिळत होता. वर्तमानपत्रे आनंदाने भरून गेली. परंतु त्या श्रेष्ठ स्पर्धेतील एकही सामना त्याच्या वाट्यास आला नाही. निवड होणे आणि खेळावयास मिळणे यांत केवढे अंतर असते, याची यावरून कल्पना येते.

तथापि या पद्धतीची खरी कसोटी निवडलेल्यांवरून लागत नाही. बास्केटबॉलमध्ये दरवर्षी हजारो कॉलेजकुमार मैदानात असतात आणि व्यावसायिक संघ त्यांतून व परदेशीयांतून मिळून सुमारे ६० जणांस उचलतात. उरलेल्यांचे काय? त्यांच्याजवळ निदान तत्त्वतः तरी विद्यापीठाची पदवी असते. ही पदवी कित्येकदा नावापुरतीच असते, कॉलेजे खेळाडूंच्या घामावर पैसा मिळवीत आणि त्यांस मात्र काही देत नसत, असे आक्षेप तेथल्याच विचारवंतांनी घेतले. आणि त्या आक्षेपांच्या रेट्याने २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावलौकिकावर कमाई करण्याची मोकळीक मिळाली व २०२५ पासून कॉलेजांकडून थेट मोबदला घेण्याचीही. हे सर्व ध्यानात घेऊनही, न निवडलेल्यास रिकाम्या हाताने परत धाडू नये, हा त्या व्यवस्थेचा मूळ संकेत आम्हांस ग्राह्य वाटतो. हीच कसोटी आता आपल्या घरच्या भरतीस लावून पाहू.

बीड जिल्हा हा बालाघाटच्या डोंगररांगांवर आणि त्यांच्या पायथ्याशी पसरलेला, पर्जन्यछायेतील, वारंवार अवर्षणाने गांजलेला मुलूख. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. जिल्ह्यातील आष्टी गावास रेल्वे पोहोचण्यास २०२२ साल उजाडावे लागले आणि खुद्द बीड शहराने २०२५ साली आगगाडी पाहिली. अशा या जिल्ह्यात भरती हा शब्द नवा नाही. वर्षानुवर्षे दर साली येथे फार मोठी भरती होत आली आहे. ती म्हणजे ऊसतोडीची.

या भरतीची रीत वाचकांपैकी अनेकांस ऐकून ठाऊक असेल. साखर कारखान्याचा करार घेतलेला मुकादम पावसाळ्यातच गावात येतो आणि कुटुंबाच्या हाती आगाऊ रक्कम ठेवतो. तिला ‘उचल’ म्हणतात. लग्न, आजारपण, जुने देणे, बैलांची खरेदी यांत ती रक्कम जाते, आणि दसरा-दिवाळी उलटली की ती फेडण्यासाठी कुटुंब पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या फडांकडे निघते. नवरा-बायकोच्या जोडीस मिळून एक ‘कोयता’ म्हणण्याचा प्रघात आहे. म्हणजे या भरतीच्या वहीत माणसाचे नाव गौण. मोजले जाते ते त्याच्या हातातील हत्यार! हंगामाच्या शेवटी हिशेब होतो, आणि श्रम उचलीस पुरे पडले नाहीत तर बाकी पुढल्या सालच्या उचलीत चढते. इतर भरतींत न निवडलेल्याची चिंता वाहावी लागते. या भरतीत निवडलेल्याच्याच पदरी कर्ज पडते.

याचा आमच्या विषयाशी निकट संबंध आहे. आईबापांबरोबर फडावर गेलेले मूल शाळेच्या हजेरीपटावर असते, वर्गात नसते. शाळांच्या क्रीडास्पर्धा बव्हंशी पावसाळा सरल्यावर आणि हिवाळ्यात भरतात. नेमके त्याच महिन्यांत या जिल्ह्यातील मोठी लोकसंख्या जिल्ह्याबाहेर असते. मैदानावर मुले धावत असतील आणि एखादा जाणता शिक्षक त्यांस पाहत असेल, तरी सर्वांत चपळ पोर कदाचित उसाच्या मोळ्या वाहत असेल. अमेरिकेतील निवडपद्धतीचा सारा डोलारा मूल शाळेत आहे या एका गृहीतावर उभा आहे. येथे ते गृहीतच डळमळीत आहे.

दुसरी भरती लष्कराची. तिचा इतिहास महाराष्ट्रात मोठा उद्बोधक आहे. कारण कोणास भरती करावयाचे आणि कोणास नाही, या प्रश्नावर येथे अर्धशतकाचा झगडा झाला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकडील पलटणींत महार शिपायांचा भरणा मोठा होता. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे झालेल्या लढाईत ते होते आणि तेथील स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे याच परंपरेतले सुभेदार. पुढे काही जाती जन्मतःच लढवय्या आणि काही जन्मतःच तशा नाहीत, असा सिद्धान्त इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी उभारला, आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. नोकरी गेली तेवढ्याने भागले नाही. पलटणीबरोबर पलटणीतली शाळा गेली, निवृत्तिवेतन गेले, गावकीच्या बंधनांतून बाहेर पडण्याची एकमेव वाट गेली. म्हणूनच निवृत्त शिपाई गोपाळबुवा वलंगकर यांनी १८९४ साली सरकारकडे दाद मागण्याची खटपट केली, आणि १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासताच १९१७ साली १११ क्रमांकाची महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, निकड सरली, आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. अखेर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, डॉ. आंबेडकरांच्या सततच्या प्रयत्नांना यश येऊन, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभारली गेली. पुढे या रेजिमेंटची दारे इतर समाजांसही उघडली, आणि ज्यांस एके काळी दारातून परत फिरविले त्यांच्या नावाची ही सेना सर्व जातींच्या जवानांस सामावून घेणारी झाली.

हे सर्व निजामाच्या हद्दीबाहेर घडत होते. बीड जिल्ह्यातील मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती खरी. पण ते सैन्य १९०३ साली हिंदी सैन्यात विलीन झाले. आष्टी-पाटोद्याच्या शेतकऱ्याच्या पोरास लष्कराची वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली ती राज्य बदलल्यानंतर. आणि एकदा ती मोकळी झाल्यावर पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी तरुणांची रांग हे या भागातील नित्याचे दृश्य होऊन बसले. ही मुले पदकासाठी धावत नाहीत. भरतीच्या दिवशी ठराविक वेळात ठराविक अंतर काटावे लागते, म्हणून धावतात.

त्याच रांगेतील एक तरुण आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश मुकुंद साबळे. त्याचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा, शेतकरी कुटुंबातला. गावास शाळेपर्यंत वाहनाची सोय नव्हती, म्हणून सहा किलोमीटरांचे अंतर तो लहानपणी कधी चालत तर कधी धावत काटी. बारावीनंतर तो महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत दाखल झाला. २०१३-१४ साली सियाचीनच्या बर्फात, त्यानंतर राजस्थानच्या वाळवंटात, आणि २०१५ साली सिक्कीममध्ये त्याची नेमणूक होती. म्हणजे बर्फ, वाळू आणि डोंगर या तिन्ही ठिकाणी शिपाई म्हणून त्याने पहारा केला. धावपटू म्हणून त्याची कोणास ओळखही नव्हती. २०१५ साली लष्करातील रानवाटांच्या दौडीत त्याने प्रथम भाग घेतला. मधल्या काळात त्याचे वजन बरेच वाढले होते. ते त्याने परिश्रमाने सुमारे वीस किलोंनी उतरविले. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या नजरेने त्याच्यातील गुण हेरला, आणि त्यांच्याच आग्रहावरून तो स्टीपलचेसकडे वळला.

स्टीपलचेस ही अडथळ्यांची तीन हजार मीटरांची शर्यत होय. तीत २८ वेळा लाकडी अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खंदक ओलांडावा लागतो. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची सुमारे तीन फूट असते. तो लवून पडत नाही, म्हणून चुकीस क्षमा नसते. नुसता वेग येथे पुरत नाही, नुसती चिकाटीही पुरत नाही; दमलेल्या पायांस दर थोड्या अंतरावर पुन्हा उसळी घ्यावी लागते. बालपणीच्या वाटांनी आणि पलटणीच्या शिस्तीने ज्याचे शरीर घडले, त्यास ही शर्यत मानवली यात नवल नाही. त्या शर्यतीतील भारतीय विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर १९८१ पासून ८ मिनिटे ३०.८८ सेकंद असा होता. २०१८ च्या सप्टेंबरात भुवनेश्वर येथे साबळे याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांत ती शर्यत संपविली आणि सदतीस वर्षांचा तो विक्रम मोडला.

यानंतरची त्याची प्रगती सर्वश्रुत आहे. पण इतिहासाच्या सोयीसाठी तिची नोंद येथे एकत्र करणे युक्त होईल. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ८ मिनिटे १८.१२ सेकंद अशी वेळ देऊनही तो अंतिम शर्यतीस मुकला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले; सुवर्णपदक विजेता केनियाचा अब्राहम किबिवोट याच्यात आणि त्याच्यात अंतर होते अवघे ०.०५ सेकंद. १९९८ पासून त्या स्पर्धेतील या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच्याच धावपटूंनी नेली होती. त्या परंपरेस मांडव्याच्या मुलाने छेद दिला. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्ण आणि ५,००० मीटरांचे रौप्य, २०२४ च्या जुलैत पॅरिस येथे ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, आणि त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत अकरावा क्रमांक. त्या अंतिम शर्यतीपर्यंत पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

आता मुद्द्याकडे वळू. सैन्याने या तरुणास धावपटू म्हणून घेतले नव्हते. घेतले ते शिपाई म्हणून; धावपटू तो पुढे निघाला. आणि तो निघाला नसता तर? तरीही तो शिपाई राहिला असता. वेतन, कुटुंबाची दवापाण्याची सोय आणि म्हातारपणीचे निवृत्तिवेतन ही त्याच्या पदरी होतीच. त्याच्याबरोबर पलटणीच्या दौडीत धावलेल्या आणि मागे पडलेल्या जवानांचेही यांपैकी काही गेले नाही. पराभूताचे नुकसान होत नाही म्हणूनच तेथे शेकडो जण निर्भयपणे धावू शकतात, आणि शेकडो धावतात म्हणूनच त्यांतून एक साबळे निघतो. २०१८ च्या आशियाई स्पर्धेस तो घोट्याच्या दुखापतीमुळे मुकला. २०२५ च्या जुलैत मोनॅको येथील शर्यतीत पडून गुडघ्यास गंभीर इजा झाली आणि उरलेला हंगाम त्यास सोडावा लागला. ज्याची रोजी शर्यतीवर चालते त्यास अशी एक दुखापत देशोधडीस लावते. याच्या पाठीशी मात्र नोकरी उभी होती.

दुसरे असे की, या निवडीत वेळेस मोठे महत्त्व आहे. सियाचीनच्या नेमणुकीपासून राष्ट्रीय विक्रमापर्यंत पाच वर्षे गेली, आणि पहिली दोनेक वर्षे तर त्याच्या धावण्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही. २०२२ च्या जूनमध्ये सरकारने ‘अग्निपथ’ ही भरतीची नवी योजना आणली. तीनुसार जवानांची भरती चार वर्षांसाठी होते. मुदत संपल्यावर फार तर शेकडा २५ जणांस कायम करावयाचे आणि बाकीच्यांस सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी देऊन, निवृत्तिवेतनाविना, घरी पाठवावयाचे. सैन्य तरुण राहावे, खर्चाचा भार हलका व्हावा, हे तिचे हेतू; त्यांचा विचार सेनाशास्त्र जाणणारांनी करावा. आम्ही आमच्या कसोटीपुरते बोलतो. सावकाश उमलणाऱ्या गुणास चार वर्षांची मुदत अपुरी पडण्याचा संभव आहे; आणि जी भरती न निवडलेल्यासही आयुष्यभराचा आधार देत होती, तीच आता त्याच्या हाती एकरकमी ऐवज ठेवून निरोप देणार. लष्कराने पुण्यात २००१ साली क्रीडासंस्था काढली, होतकरू बालकांसाठी क्रीडा कंपन्या चालविल्या, तयार खेळाडूंस थेट वरच्या हुद्द्यावर घेण्याचीही सोय केली. ही सर्व कामे स्तुत्य होत. परंतु ती ज्याचा गुण आधीच दिसला त्याच्यासाठी आहेत. ज्याचा गुण अद्याप कोणी पाहिलेला नाही, त्याच्यासाठी पलटणीची लांब नोकरी हीच शाळा होती.

बीडच्या इतर तीन तरुणांच्या वाटाही पाहण्याजोग्या आहेत. पाटोद्याचा राहुल आवारे हा तालमीच्या परंपरेतला. पुण्यास येऊन तो हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली तयार झाला. बिराजदार म्हणजे १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदकाचे मानकरी. गुरूच्या निधनानंतर काका पवार यांच्याकडे त्याची तयारी झाली. २०१६ च्या ऑलिंपिकची संधी हुकली. पण २०१८ साली गोल्ड कोस्ट येथे ५७ किलो वजनगटात त्याने राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले आणि २०१९ साली ६१ किलो गटात जागतिक स्पर्धेचे कांस्य. पुढे राज्य शासनाने त्यास पोलीस उपअधीक्षकाचे पद दिले. बीड शहराच्या सचिन धसची वाट घराच्या अंगणातून गेली. वडिलांनी मुलाचे नावच तेंडुलकरांवरून ठेवले आणि बीडमध्येच त्याचा सराव करून घेतला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी बेनोनी येथे, १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, २४५ धावांचे लक्ष्य असता भारताचे ४ गडी ३२ धावांत बाद झाले होते. त्या वेळी कर्णधार उदय सहारनच्या साथीने १७१ धावांची भागी करून या मुलाने ९६ धावा काढल्या आणि सामना वाचविला. तिसरी प्रियांका इंगळे. मूळ बीड जिल्ह्यातील आणि पुण्यात घडलेल्या या तरुणीच्या नेतृत्वाखाली १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्ली येथे भारतीय महिलांनी नेपाळचा ७८-४० असा पराभव करून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला.

या चौघांची नावे एकत्र वाचली असता एक गोष्ट डोळ्यांत भरते. एकास पलटणीने घडविले, दोघांस पुण्याने, आणि एकास बापाच्या जिद्दीने. जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. जिल्ह्याच्या नावावर अशी एकही सार्वजनिक व्यवस्था नाही की जिच्याकडे बोट दाखवून, हे हिने केले, असे म्हणता यावे. बापाच्या जिद्दीस आमचा नमस्कार आहे. पण ती सार्वत्रिक करता येत नाही. कोल्हापूरचा इतिहास हेच सांगतो. शाहू महाराजांनी मल्लविद्येस उदार आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. त्या वातावरणात वाढलेला कराडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकत होता. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसे उभे राहीनात, तेव्हा त्या कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर ७,००० रुपयांस गहाण टाकले, आणि खाशाबाने कांस्यपदक आणून स्वतंत्र भारतास पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. कॉलेज आणि खेळाडू यांच्या नात्याची याहून उदात्त कथा आम्हांस अमेरिकेच्या साऱ्या डामडौलातही आढळत नाही. परंतु ज्या व्यवस्थेत पदकासाठी प्राचार्यास घर गहाण टाकावे लागते, ती व्यवस्था म्हणावी काय? आणि जेथे असा प्राचार्य नसतो तेथील खाशाबाचे काय होते? पदक आणल्यावरही खाशाबास पोलीस खात्यात फौजदारीची जागा मिळण्यास १९५५ साल उजाडले, आणि अर्जुन पुरस्कार त्याच्या मृत्यूनंतर देण्यात आला.

आज राजाश्रयाची जागा लिलावाने घेतली आहे. २००८ पासून क्रिकेटपटूंची बोली लागते, २०१४ पासून कबड्डीपटूंची. खो-खोनेही २०२२ साली अमेरिकेच्या धर्तीवर ‘ड्राफ्ट’ स्वीकारला. ग्रामीण खेळाडूच्या घामास मोल आले, याचा आम्हांस आनंदच आहे. पण आकडे पाहावेत. २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दा येथे झालेल्या क्रिकेटच्या लिलावासाठी १,५७४ खेळाडूंनी नावे नोंदविली. ५७७ जणांची यादी झाली. बोली लागली ती १८२ जणांवर. उरलेल्या सुमारे चौदाशे जणांस या पद्धतीने काय दिले? अमेरिकेतील न निवडलेल्याजवळ पदवी तरी असते, पलटणीतल्याजवळ नोकरी होती. लिलावातून परतलेल्या तरुणाजवळ वाढलेले वय आणि वाया गेलेले शिक्षण एवढेच उरण्याची भीती आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत शुल्क घेऊन चालणाऱ्या क्रीडावर्गांत आज जी मुले लोटली जात आहेत, त्यांच्या आईबापांनी हा हिशेब एकवार मांडून पाहावा.

तर मग करावे काय? उपाय दूरचा नाही, आणि फार खर्चाचाही नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे चालविण्याची रीत महाराष्ट्रात आहेच, आणि २०२१ साली राज्य शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने अशा मुलांसाठी शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर केली. त्या योजनांकडे आजवर केवळ अन्न, निवारा आणि अभ्यास या दृष्टीने पाहिले गेले. आमचे म्हणणे असे की, त्या प्रत्येक वसतिगृहाशेजारी एक सपाट मैदान आणि त्या मैदानावर एक पगारी, कायम नेमलेला क्रीडाशिक्षक असावा. आईबाप फडावर गेले तरी मूल गावी राहील, शाळेत जाईल आणि संध्याकाळी कोणाच्या तरी डोळ्यांपुढे धावेल. त्यांतील एखादा विक्रम करील तर ठीकच. न करणारी शेकडो मुले दहावी-बारावीपर्यंत शिकतील आणि त्यांच्या हाती कोयता येण्याचे निदान काही काळ तरी टळेल. पदक एकासच मिळावयाचे. शाळा मात्र त्या साऱ्यांस मिळेल. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी शेकडा ५ जागा महाराष्ट्राने राखून ठेवल्या आहेत. तोही आधार मोलाचा आहे. पण तो शिखरावर पोहोचलेल्यांसाठी आहे, पायथ्याशी उभ्या असलेल्यांसाठी नाही.

बीड जिल्ह्यातून पुढला धावपटू केव्हा निघेल, असा प्रश्न आज उत्साहाने विचारला जातो. आम्हांस त्याऐवजी असे विचारावेसे वाटते की, येत्या दिवाळीनंतर मुकादमाच्या गाडीत किती मुले चढतील आणि किती शाळेच्या पटांगणावर राहतील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात दडलेले आहे. पुढला धावपटू त्या गाडीत चढला, तर त्याचे नाव वाचण्याचा योग आपणांपैकी कोणासही येणार नाही.